मुलाखत इंग्रजीत, अनुभव मराठीत

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे सत्र सुरू झाले, की सातारा, कराड, सांगली, मिरज येथील महाविद्यालयांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची माणसे उमेदवार निवडण्यासाठी येऊ लागतात. लेखी चाचणी होते. तीत आमची मुले मागे पडत नाहीत. आकडेमोड, तर्क, विषयाचे ज्ञान यांत त्यांना बऱ्यापैकी गुण मिळतात. मग मुलाखतीचे बोलावणे येते आणि तेथे गाडे अडते. निकालानंतर कारण विचारले, तर मुलांकडून, पालकांकडून आणि कित्येकदा निवड करणाऱ्यांकडूनही एकच उत्तर येते : इंग्रजी कच्चे आहे. हे निदान इतके सर्वमान्य झाले आहे, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखकाला ते अर्धवट वाटते. आणि अर्धवट निदानावरचा औषधोपचार महाग तर पडतोच, शिवाय त्याने दुखणे बळावते.

मुळात हे 'कच्चे' किती वर्षांच्या शिक्षणानंतरचे आहे? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. पुढे ते पाचवीवर आले. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीवर आणण्यात आले. म्हणजे आज पदवीच्या वर्गात बसलेला मराठी शाळेतला विद्यार्थी बारावीपर्यंत बारा वर्षे आणि पदवीची धरून चौदा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. ज्याने 'सेमी इंग्रजी' घेतले, त्याने गणित आणि विज्ञानही इंग्रजीतच वाचलेले असते. त्याला प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या पाठ येते. परंतु 'तुझे गाव कोठे आहे आणि तेथे पिकते काय', या प्रश्नाला चार सलग इंग्रजी वाक्ये त्याला जुळवता येत नाहीत. पंधरा वर्षे पाणी घालूनही झाड वाढत नसेल, तर आणखी पाणी घालण्याआधी मुळाशी काय आहे, हे उकरून पाहिले पाहिजे.

ही मुलाखत आता नक्की कोठे उरली आहे, हेही ध्यानात घ्यावे लागेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' आणि 'ड' गटांतील तसेच 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत रद्द केली. ग्रामीण बँकांच्या परीक्षा २०१९ पासून आणि सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा २०२१ च्या निर्णयानंतर मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतून देता येऊ लागल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाची कहाणी याहून जुनी आहे. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून सनदी सेवांची मुख्य परीक्षा आठव्या परिशिष्टातील भाषांतून लिहिण्याची मुभा मिळाली. तरीही मुख्य परीक्षा इंग्रजीतून लिहिणाऱ्याला मुलाखत इंग्रजीतूनच द्यावी लागे. तो अडसर मुंबई उच्च न्यायालयातील एका याचिकेनंतर २०११ साली दूर झाला. मार्च २०१३ मध्ये आयोगाने इंग्रजीचे शंभर गुण गुणवत्तेत धरण्याचा आणि प्रादेशिक भाषांच्या वापराला अटी घालण्याचा घाट घातला, तेव्हा महाराष्ट्रातून मोठा गदारोळ उठला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. इंग्रजीचा पेपर त्या परीक्षेत केवळ उत्तीर्ण होण्यापुरता राहिला, आणि २७५ गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी मराठीतून देऊन अधिकारी होणे शक्य झाले.

थोडक्यात, सरकारी नोकरीच्या दारावरची इंग्रजीची कडी बरीच सैल झाली आहे. दुर्दैव असे, की ती सैल होत असताना त्या दारामागच्या जागाच आटत गेल्या, आणि मुलांचा लोंढा खासगी नोकरीकडे वळला. खासगी मालकाला आठवे परिशिष्ट लागू नाही. हिंजवडीतील संगणक कंपनी असो, शिरवळ-खंडाळ्याकडील कारखाना असो, की एखाद्या बँकेचे कर्जवसुली खाते चालवणारी संस्था असो, तिची पहिली विचारणा 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' अशीच असते. म्हणून जिल्ह्यातल्या सामान्य पदवीधरापुढचा प्रश्न आज लोकसेवा आयोगाचा नसून या दहा मिनिटांचा आहे.

मालकाला इंग्रजी का हवे असते? अर्थशास्त्राने याचा थोडाफार हिशेब मांडला आहे. २००५ सालच्या एका देशव्यापी पाहणीच्या आधारे मेहतबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की शिक्षण, वय, सामाजिक स्तर वगैरे गोष्टी समान धरल्या तरी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची मिळकत इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी, आणि मोडकेतोडके बोलणाऱ्याची सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होती. आपल्या अधिक जवळचा अभ्यास कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा. तो मुंबईतील दादरच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांतून शिकून गेलेल्या मुलांचा आहे आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात इंग्रजी माध्यमाचा मोबदला वाढला, तेव्हा कष्टकरी जातींतील मुलगे जातभाईंच्या ओळखीने मिळणाऱ्या गिरणी-गोदीच्या कामांकडेच वळत राहिले. ज्यांना अशा ओळखीची कामे कधीच मिळत नव्हती, त्या मुली मात्र इंग्रजी शाळांत गेल्या आणि भावांच्या पुढे निघाल्या. सातारा-सांगलीच्या वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. पाटण-जावळीचा मुलगा मुंबईत माथाडी कामाला गेला, तो कोणाच्या तरी ओळखीनेच. त्या ओळखीच्या नोकऱ्यांत मुलाखत नव्हती. 'अमक्याचा पुतण्या आहे', एवढे पुरत असे.

आता मालक उमेदवाराला ओळखत नाही, उमेदवार मालकाला ओळखत नाही. ज्याची पारख चटकन होत नाही, त्याची खूण पाहून अंदाज बांधावा लागतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली नोकरीच्या बाजाराबद्दल हाच विचार मांडला आणि २००१ मध्ये त्यांना ज्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यात त्याचा वाटा मोठा होता. पदवी ही जशी खूण, तशी इंग्रजी हीही खूण. समजा, चाळीस जागांसाठी चारशे मुले आली आहेत आणि दिवस एकच आहे. अशा वेळी निवड करणाऱ्याला सर्वांत स्वस्त पडणारी चाळणी कोणती, तर पहिल्या दोन मिनिटांतील इंग्रजी. कामाला ती भाषा लागते की नाही, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारत नाही. पाळीवर देखरेख करणारा माणूस आठही तास मराठी-हिंदीत बोलणार असतो. त्याचीही निवड इंग्रजीतून होते, आणि मग तो मजुरांशी नीट बोलत नाही म्हणून तक्रार होते!

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशात जेमतेम २ लाख ६० हजार होते. दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे धरले, तरी एकूण सुमारे १३ कोटी, म्हणजे शंभरांत दहा-अकरा. मुलाखत घेणाराही, तेव्हा, बहुधा उसन्या भाषेतच प्रश्न विचारत असतो. दोघेही परक्या घरात पाहुणे. फक्त एक जण खुर्चीवर आधी येऊन बसला आहे. ही गोष्ट मुलांना समजावून सांगितली, तर निम्मी भीती जागच्या जागी उतरते.

या चाळणीतून पार पडण्यासाठी मुले करतात काय? शहरात इंग्रजी संभाषणाचे वर्ग जागोजाग आहेत आणि त्यांची फी शेतकरी कुटुंबाला झेपण्याजोगी नसते. शिवाय पन्नास प्रश्न आणि पन्नास उत्तरे यांच्या चोपड्या मिळतात. हल्ली त्या भ्रमणध्वनीवर फुकट मिळतात, एवढाच फरक. मुले ती उत्तरे पाठ करतात. 'मायसेल्फ अमुक अमुक', अशी सुरुवात. मग गाव, वडिलांचे नाव, त्यांचा व्यवसाय. पुढे 'माय हॉबीज आर रीडिंग अँड प्लेइंग क्रिकेट'. बलस्थान कोणते? 'आय अ‍ॅम अ हार्ड वर्कर'. उणीव कोणती? 'आय ट्रस्ट पीपल टू इझिली'. सकाळपासून हेच ऐकून कंटाळलेला परीक्षक मध्येच विचारतो, 'शेवटचे कोणते पुस्तक वाचले?' आणि सगळा डोलारा कोसळतो. कारण ते वाचन खोटे होते, छंद खोटा होता, उणीवही उसनी होती. इंग्रजी चुकले म्हणून मुलगा बाहेर पडला, असे मग त्याला वाटते. खरे पाहता त्याच्याजवळ बोलायला स्वतःचे असे काही ठेवलेच नव्हते.

आणि हे खरे नाही, की त्याच्याजवळ काही नसते. खटाव-माणकडचा एखादा विद्यार्थी पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रावर बसतो. दूध मोजणे, फॅट काढणे, कमी लागली म्हणून चिडलेल्या माणसाची समजूत घालणे, दहा दिवसांची बिले तयार करणे आणि त्यातून पशुखाद्याची उधारी वळती करणे, ही त्याची नित्याची कामे. तासगावकडील मुलीने घरच्या बेदाण्याच्या शेडवर मजुरांची हजेरी ठेवलेली असते, रंग आणि आकार यांवरून माल निवडलेला असतो, शीतगृहाचे भाडे आणि सौद्यात निघालेला दर यांचा मेळ घालून 'आता विकावे की थांबावे' या घरातल्या वादात तिचा शब्द चाललेला असतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत मुनीमगिरी करणारा, ऊसतोडीच्या वेळी कारखान्याच्या स्लिपा सांभाळणारा, आईच्या बचत गटाचे दप्तर लिहिणारी, असे कितीतरी. हा साठा, ग्राहक, उधारी, दर्जा आणि भांडवल यांचा जिवंत अभ्यास आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात तो प्रकरणे पाडून शिकवतात. परंतु मुलाखतीला निघालेला मुलगा हे सारे घरी ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, क्रिकेट आणि वाचन घेऊन जातो. शेणामातीचे काम सांगण्याजोगे नसते, ही त्याची समजूत आम्हा शिक्षकांकडूनच त्याच्यात उतरली आहे की काय, अशी शंका येते.

साताऱ्यात तरी ही समजूत रुजायला नको होती. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' योजनेने हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे पान वाढले. ते काम फी भागवण्यापुरते मानले गेले, त्यातून बोलण्याची शिदोरी निघते हे मात्र आपण कधी पाहिले नाही.

आता भाषेच्या अडचणीकडे वळू. कारण ती अडचण नाहीच, असे म्हणणे हे दुसरे टोक होईल. ती आहे, पण ज्याला सर्वसाधारणपणे व्याकरण म्हणतात त्यात ती फारशी नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'काल सकाळी फॅट कमी लागली म्हणून दूध घालणाऱ्या दोघांचे जे भांडण झाले, ते मी मिटवले.' वेळ, कारण, माणसे, भांडण असे सगळे मांडून झाल्यावर आपण काय केले हे कळते. इंग्रजीत 'आय सेटल्ड' हे दोन शब्द अगोदर टाकावे लागतात आणि बाकीचे सामान मागून येते. मनात मराठी वाक्य रचून त्याचे भाषांतर करणारा मुलगा म्हणूनच 'यस्टर्डे मॉर्निंग' म्हणून थांबतो, आवंढा गिळतो आणि क्रियापदाची वाट पाहत राहतो. यावर उपाय मोठमोठे शब्द पाठ करणे हा नाही. 'कोणी केले' आणि 'काय केले' हे आधी म्हणण्याची सवय हाच आहे. 'आय कलेक्ट मिल्क. आय टेस्ट द फॅट. आय राइट द बिल एव्हरी टेन डेज.' तीन आखूड वाक्ये, तीन पुरी झालेली कामे. परीक्षकाला यापुढचा प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो प्रश्न उमेदवाराच्या घरच्या अंगणातला असतो.

दुसरी अडचण 'मी'ची. मराठीत क्रियापदाच्या रूपावरून किंवा संदर्भावरून कर्ता कळतो, म्हणून 'गेलो होतो', 'करून दिले' यांत 'मी' गाळला तरी चालते. त्यात आपल्याकडे एकट्याने केलेल्या कामालाही 'आम्ही' म्हणण्याची रीत. स्वतःची टिमकी वाजवणे हे असंस्कृतपणाचे लक्षण, असे लहानपणापासून ऐकलेले. परिणाम असा, की महाविद्यालयातील प्रकल्पाचे सारे काम एकट्याने ओढणारी मुलगी मुलाखतीत 'वी डिड द सर्व्हे, वी मेड द रिपोर्ट' म्हणते, आणि समोरच्याचा ग्रह होतो, की हिने काहीच केलेले नाही. हा दोष इंग्रजीचा की संस्काराचा? नम्रता टाकून द्यावी, असे सुचवायचे नाही. काम सांगणे आणि काम वाखाणणे यांत फरक आहे. 'मी फार मेहनती आहे' ही बढाई झाली. 'नव्वद उत्पादकांचे हिशेब मी दोन वर्षे लिहिले', ही नुसती नोंद. नोंद सांगताना लाजण्याचे कारण नाही.

याच वाक्यात आणखी एक खाच आहे. आपण म्हणतो, 'दोन वर्षांपासून काम करतो आहे.' मुलगा त्याचे 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टू इयर्स' करतो. इंग्रजीला येथे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' हवे असते, कारण मागे सुरू होऊन आतापर्यंत चाललेल्या कामासाठी तिच्यात वेगळे रूप आहे. मुलाखतीत हे वाक्य येणारच, म्हणून ते एक घोटून ठेवावे. 'ए' आणि 'द' यांचा मात्र फार बाऊ करू नये. मराठीत ती शेपटीच नाही, आणि ती गळाली म्हणून कोणाची नोकरी गेल्याचे पाहण्यात नाही. उच्चाराचेही तेच. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण दोन्ही 'व'नेच म्हणतो, आणि ते सबंध देशात चालते. कृत्रिम अमेरिकी धाटणी शिकवणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. चार वाक्यांनंतर ती गळून पडते आणि खालचे साताऱ्याचे बोलणे उघडे पडते. ते आधीपासूनच उघडे असते, तर काही बिघडले नसते.

आकड्यांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. याकडे कोणी लक्ष देत नाही. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, इंग्रजीत उलट. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, अशी आपली रीत. अडीच, साडेसात, पावणेदोन यांना इंग्रजीत सुटा शब्द नाही. परिणामी एरवी तोंडी हिशेबात तरबेज असलेला मुलगा 'किती लिटर?' या साध्या प्रश्नावर गडबडतो, कारण त्याच्या डोक्यात 'एकोणसाठ' असते आणि तोंडातून 'सिक्स्टी नाइन' निघते. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या उमेदवाराला याने विशेष अपाय होतो. आकडा चुकला, की विषयच कच्चा ठरतो. आपल्या कामातले दहा-पंधरा आकडे, म्हणजे क्षेत्र, वजन, दर, माणसे, वर्षे, हे इंग्रजीत मोठ्याने म्हणून पक्के करावेत. गुंठ्यांचे एकर, डागांचे क्विंटल आधीच करून ठेवावेत. शेकडो शब्द पाठ करण्यापेक्षा हे अधिक कामाला येते.

मोठ्याने, हा शब्द वर सहज आला. पण सगळी गोम त्यातच आहे. आपल्याकडे इंग्रजी ही वाचण्याची आणि लिहिण्याची भाषा राहिली, जिभेची झाली नाही. याउलट खानापूर, आटपाडी, तासगावकडील गलाई व्यावसायिकांकडे पाहावे. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही मंडळी केरळ, तमिळनाडू, बंगाल अशी देशभर गेली. शिक्षण बेताचे, व्याकरणाचे पुस्तक कधी हाती धरलेले नाही, आणि तरी तेथल्या पेढीवर ते सफाईने तमिळ वा मल्याळम बोलतात. का? समोर गिऱ्हाईक सोने घेऊन उभे असते आणि बोलल्यावाचून सुटका नसते. भाषा कामाला चिकटली, की ती लवकर येते. उत्तरपत्रिकेला चिकटली, की पंधरा वर्षांतही येत नाही.

याच साताऱ्यातील एका नोंदीचा येथे उल्लेख करावासा वाटतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी हायस्कूलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. बरोबर पंचवीस वर्षांनी, १९२५ च्या डिसेंबरात, ते हिंदी चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे इंग्रजीतून साक्ष देत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. साक्षीतील प्रश्नोत्तरे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावीत. प्रत्येक मुलाने बाबासाहेबांच्या तोडीचे व्हावे, असला भाबडा उपदेश येथे अभिप्रेत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मंडळासमोर माणूस कशाच्या बळावर बसतो, हे तेथे दिसते. ज्या विषयावर आपण वर्षानुवर्षे डोके झिजवले आहे, त्या विषयावर तो बसलेला असतो.

मग तयारी करावी कशी? पहिली पायरी मराठीतच आहे. आपण केलेले एखादे काम, त्याची काहीच माहिती नसलेल्या माणसाला पाच मिनिटांत समजावून सांगता येते का, हे आधी पाहावे. पुष्कळांना ते मराठीतही जमत नाही, आणि दोष बिचाऱ्या इंग्रजीवर येतो. ते जमले, की त्यातली क्रियापदे वेगळी काढून त्यांचे इंग्रजी शब्द शोधावेत. नामे फारशी अडवत नाहीत, फॅट आणि बिल ही इंग्रजीच आहेत. मग मित्रासमोर बसून, कागद न पाहता बोलावे. मित्राने मध्येच तोडून प्रश्न विचारावा. प्रश्न कळला नाही, तर 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन' म्हणण्यात कमीपणा नाही. न कळलेल्या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर देण्यात आहे. ठाऊक नसेल, तर 'आय डोन्ट नो धिस' सरळ सांगावे. उत्तर संपले, की गप्प बसावे. शांतता असह्य होऊन मुले बोलत सुटतात आणि चांगल्या उत्तराची माती करतात.

मात्र हे सारे मुलांच्या गळ्यात टाकून महाविद्यालयांना मोकळे होता येणार नाही. बारावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला २० गुण आहेत. ते कसे दिले जातात, हे शिक्षक असलेल्या वाचकांना सांगायला नको. पदवीला अनिवार्य इंग्रजी आहे, पण तेथे संभाषणदेखील लिहून दाखवायचे असते! पोहण्याची लेखी परीक्षा घेण्याचाच हा प्रकार. वर्गात ऐंशी-शंभर मुले, प्रत्येकाला बोलायला वेळ कोठून आणणार, असे यावर उत्तर मिळते. साधा हिशेब करू. ऐंशी मुले, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे ३२० मिनिटे. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सात तास. एका सत्रात एका विषयाचे पन्नासच्या आसपास तास असतात. सहा विषयांच्या शिक्षकांनी मनावर घेतले, तर प्रत्येक मुलगा सत्रात सहा वेळा उभा राहून बोलेल, आणि एका विषयाचे नुकसान सात तासांचे होईल. हे काम एकट्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचे नव्हे. बाजारसमितीतील सौद्याविषयी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायला अर्थशास्त्राचाच माणूस हवा. इंग्रजीचा शिक्षक त्याचे 'सिन्स' सुधारत बसेल.

कंपन्यांशीही महाविद्यालयांनी थोडे ताठ मानेने बोलावे. निवड करणाऱ्यांना चहापाणी, हारतुरे होतात. पण कोणत्या पदाला इंग्रजी बोलणे खरोखर लागते, हे लेखी मागितल्याचे ऐकिवात नाही. ते मागावे. जेथे लागत नाही, तेथे पहिली पाच मिनिटे मराठीत वा हिंदीत घ्या, असे सुचवावे. हे मालकाच्याही हिताचे आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला, त्यात सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, असे दिसले. २०२२ साली नव्या अभ्यासकांनी त्यातले आकडे पुष्कळ खाली आणले, पण या दोहोंतला क्रम तोच राहिला. मोकळ्या गप्पांत परीक्षकाला आपल्यासारखे बोलणारा उमेदवार आवडतो. दूध केंद्रावर बसणारा त्याच्यासारखा बोलत नाही.

येत्या सत्रात दोन-चार सहकाऱ्यांनी मिळून हे सात तास बाजूला काढायचे ठरवले, तर परवानगी कोणाची लागत नाही आणि खर्चही येत नाही. वेळापत्रकात ते पहिल्या महिन्यातच घालावेत, कारण शेवटच्या महिन्यात अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत ते हमखास बुडतात. सुरुवात पहिल्या बाकापासून करू नये. तेथली मुले एरवीही बोलतात. एस.टी.ची पहिली गाडी पकडून येणारी आणि मागच्या बाकावर बसणारी जी मुले आहेत, त्यांना आधी उभे करावे, आणि पहिला प्रश्न असा विचारावा : आज सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी तू घरी कोणते काम केलेस?